कासवगडची चौकशी

सकाळी नेहरू नगरच्या बागेत आम्ही चार-पाच निवृत्त लोक बसतो. कोणी जुन्या कारखान्याचा विषय काढला की मी कँटीनच्या समोशाचं सांगतो, नाही तर बिघडलेल्या भोंग्याचं. बोलणं लांजेवारांच्या नावाकडे वळतंय असं वाटलं की बुटाची लेस बांधायला खाली वाकतो. हल्ली मी चपलाच घालतो, तरी वाकतो. इतकी वर्षं हे असंच चाललं. बायकोलाही मी अर्धंच सांगितलं होतं, आणि ते अर्धं माझ्या सोयीचं होतं. आता ती नाही. माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. लिहायला हात अजून चालतो तोवर लिहून टाकतो.

छत्तीसगड वेगळं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. भिलाईच्या औद्योगिक वसाहतीत एक खासगी फाउंड्री होती. मी तिथे शिफ्ट इनचार्ज होतो आणि वासुदेव लांजेवार साचेविभागाचे फोरमन. वाळूचा साचा करायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं आणि निवल्यावर वाळू फोडून वस्तू बाहेर काढायची, हे तिथलं काम. फाउंड्रीचं नाव लिहीत नाही. मालक वारले, मुलांनी जागा विकली, आता तिथे गोदाम आहे.

लांजेवार भंडाऱ्याकडचे. काकाबरोबर लहानपणी भिलाईला आले ते इथलेच झाले. अंगाने काटकुळे, कान मोठे आणि डोक्यावर एक केस नाही. तरी शर्टाच्या खिशात कायम एक गोल आरसा असायचा, न्हाव्याकडे असतो तसा, पत्र्याच्या कडेचा. नवा माणूस आला की हमखास विचारायचा, "काय जी लांजेवार, भांग कोनत्या बाजूनं पाडता?"

"ज्या बाजूले केस सापडन त्या बाजूनं," ते म्हणायचे. "तीस वर्षं झाले, शोधून राहिलो."

आरसा वाळूसाठी होता. साचा बंद केल्यावर त्याच्या वरच्या भोकावर ते तो पालथा धरायचे आणि मनात शंभर मोजायचे. काचेवर वाफ धरली तर आत ओल आहे. ओल्या साच्यात लोखंड ओतलं तर पाण्याची एकदम वाफ होते आणि ते उसळून बाहेर येतं. काच कोरडी निघाली तरच ते कार्डावर सही करायचे. कार्ड म्हणजे प्रत्येक साच्याला बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर फोरमनची सही असल्याशिवाय ओतायचं नाही, असा नियम होता.

नियम तसे बरेच होते. पण कारखाना चालायचा तो बाबूजींच्या मर्जीवर. मालकांना सगळे बडे बाबूजी म्हणत. माणूस दुष्ट नव्हता. कामगाराच्या घरी आजारपण आलं तर गाडी पाठवायचे, मुलींच्या लग्नात साडी द्यायचे. मात्र लग्न कोणाशी ठरवलं हे आधी त्यांच्या कानावर घालावं लागे. महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळे रांगेने त्यांच्या पाया पडत. मीही पडायचो. लांजेवार कधीच नाही. बाबूजी साचेविभागात आले की यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत वाळूत. "हात खराब आहेत बाबूजी," म्हणून मान लववायचे. वीस वर्षांत त्यांचे हात नेमके त्या वेळी एकदाही स्वच्छ नव्हते.

या माणसाचा एक देश होता. त्याचं नाव कासवगड.

कासवगड कुठल्या नकाशात नव्हता. लांजेवारांनी तो स्वतः रचलेला होता. दुपारी डबे उघडले की कोणी तरी विचारायचं, "काल कासवगडात काय झालं जी?" आणि ते पोळीचा घास मोडत, अगदी बातमी सांगावी तसं सांगायला लागायचे. तिथे महाराज होते, दिवाण होते, एकेक दरी वाटून घेतलेले जहागीरदार होते. सगळ्या जगात यंत्रं आली म्हणून कासवगडालाही यंत्रं हवी होती. ती येतही होती. फक्त महाराजांच्या पुढे काही जाता कामा नये, एवढीच अट होती.

तिथे आगगाडी आली तेव्हा इंजिन डब्याच्या पुढे, म्हणजे महाराजांच्या पुढे जाणार हे दिवाणाच्या लक्षात आलं. मग इंजिन मागे जोडलं. त्याने डबे ढकलायचे. ड्रायव्हरला पुढचं काही दिसेना, म्हणून रुळावर एक माणूस ढोल वाजवत पळायला ठेवला.

"अन् तो माणूस थकला तर?" बिसाहूने विचारलं होतं. बिसाहू आमचा ओतारी, जवळच्याच एका खेड्यातला. हसायला लागला की त्याच्या हातातला डबा हलायचा.

"तो थकला की गाडी त्याच्यावरून जाते. मंग दुसरा ठेवते. ढोल तोच."

त्या आठवड्यात आमच्याकडे नवी फोर्कलिफ्ट आली होती. पहिल्यांदा बाबूजी चालवणार म्हणून हार घालून तीन आठवडे तशीच उभी होती, आणि माणसं ओतीव लोखंडाचे तुकडे खांद्यावरून नेत होती. हे कोणी बोलून दाखवलं नाही. सगळे हसले.

कॉम्प्युटर आला त्या महिन्यात कासवगडात तारयंत्र आलं. महाराजांपुढे तार वाचायची तर पागोटं घालून, तीनदा मुजरा करून वाचायची. पुराची तार आली तेव्हा महाराज झोपले होते. त्यांना उठवायचं कोणी? "मंग पूर सोताच आला सांगाले," लांजेवार म्हणाले आणि ताकाचा ग्लास रिकामा केला.

एकदा मी त्यांना म्हटलं, "अहो लांजेवार, तुमच्या त्या राज्याला कधी तरी सुधरू द्या की."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "मशीन तं कुठूनही आनता येते साहेब. पन मशीनपाशी उभा असलेला मानूस नाई म्हनू शकला पायजे. तो कोनत्या दुकानात भेटते, तुमीच सांगा."

मी हसून विषय बदलला.

कासवगडाच्या हकिगती ते एका जाड वहीत लिहून ठेवत. माझं अक्षर बरं, वाचनही थोडंफार होतं. म्हणून एके दिवशी त्यांनी वही माझ्या हातात दिली. "शुद्धलेखन पाहून द्या जी. कोनाले दाखवू नका. घरी सुमनलेही दाखवली नाई अजून." सुमन म्हणजे त्यांची बायको. भिलाईतल्याच कोहका वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी दोन-तीनदा जेवलो होतो. वही मी कारखान्यातल्या माझ्या कपाटात ठेवली.

त्याच कपाटात आणखी एक वस्तू होती. 'कुंभलकर, मॅनेजर' असं रंगवलेली पाटी. कारखान्यात विजेची नवी मोठी भट्टी बसत होती आणि ती सुरू झाली की मला मॅनेजर करायचं बाबूजींनी कबूल केलं होतं. पाटी त्यांनीच करून घेतली होती. मी रोज कपाट उघडून ती पाहायचो.

नव्या भट्टीचा मुहूर्त शुक्रवारचा होता. पहिल्या ओताला मोठं काम हवं म्हणून एका यंत्राची अवजड बैठक ओतायची ठरली. साचा मंगळवारी बंद झाला. एवढ्या मोठ्या साच्याभोवती कोळशाच्या शेगड्या ठेवून तो निदान दोन दिवस सुकवावा लागतो. मंगळवारी संध्याकाळी पंडितजींनी सांगितलं की शुक्रवार बरोबर नाही, बुधवारी सकाळी अकरा चाळीसला योग उत्तम आहे. निमंत्रणं फोनवरून बदलली. मंडप रातोरात उभा राहिला.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला लांजेवार मला साच्यापाशी घेऊन गेले. बाहेर सनई लावली होती. त्यांनी भोकावर आरसा धरला, शंभर मोजले आणि तो उलटा करून माझ्यापुढे धरला. काच पांढरी झाली होती. माझा चेहरा त्यात दिसत नव्हता.

"पाहा साहेब."

मी आरसा हातात घेतला. अंगठ्याने पुसला आणि परत दिला.

"आता नाही दिसत," मी म्हणालो.

ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. त्यांना वाटलं असावं की मी थट्टा करतोय. मग कार्ड माझ्या हातात देऊन म्हणाले, "मी सही नाई करत. तुमी बाबूजीले सांगा. दोन दिवस. जास्त नाई मांगत मी."

मी बाबूजींकडे गेलो, हे खरं. ते सोवळं नेसून पाटावर बसले होते, भोवती पाहुणे. मी वाकून कानाशी बोलायला सुरुवात केली. त्यांनी हसतमुखाने माझ्या पाठीवर हात ठेवला. "कुंभलकर जी, आज के दिन मुँह से अशुभ नहीं निकालते." बस, एवढंच. त्यांनी मला धमकावलं नाही. साच्यात ओल आहे हे वाक्य मी पुरतं बोललोच नाही.

परत येऊन मी कार्डावर लिहिलं, 'साचा सुका. लांजेवार यांनी तोंडी कळवल्याप्रमाणे.' आणि खाली माझी सही केली. आमच्याकडे अशी तोंडी कामं खूप चालत. फोरमन गडबडीत असला तर इनचार्ज त्याच्या नावाने असं लिहायचा आणि नंतर तो सही करायचा. सगळ्यांनी शेकडो वेळा केलेलं होतं. त्या दिवशी मी ते केलं, एवढाच फरक.

बिसाहू वितळलेल्या लोखंडाच्या बादलीपाशी उभा होता. म्हणाला, "साहेब, लांजेवार भइया ह मना करे हे."

"माझं बोलणं झालं त्यांच्याशी. चल, डाल," मी म्हणालो.

पुढचं फार लिहीत नाही. नारळ फुटला, टाळ्या वाजल्या, लोखंड आत जायला लागलं. साच्याने खोल ढेकर दिल्यासारखा आवाज केला. लांजेवार लांबून "सरका, सरका" ओरडत धावत आले आणि त्यांनी एकाला हाताला धरून ओढलं. तो वाचला. बिसाहू दुसऱ्या बाजूला होता. अकराव्या दिवशी तो गेला.

आधी कारखान्याची आपली चौकशी झाली, ती बाबूजींच्या खोलीत, बूट बाहेर काढून. बाबूजी खचलेले होते. दोन दिवस जेवले नव्हते असं म्हणत. त्यांनी कार्ड पाहिलं आणि मला विचारलं, "लांजेवार ने ऐसा क्यों किया?" तेव्हा मी गप्प राहिलो असतो तरी पुरे होतं. पण मी कपाटातून वही आणली. "इनका ध्यान काम में कम, इसमें ज्यादा रहता है," असं म्हणून ती टेबलावर ठेवली.

बाबूजींना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी मलाच वाचायला सांगितलं. लांजेवार समोर उभे होते. मी पान पान हिंदी करून वाचत गेलो. इंजिन, ढोलवाला, पूर. शेवटची हकिगत मुहूर्ताच्या कितीतरी आधी लिहिलेली होती. कासवगडात भट्टी बसते, महाराजांचा मुहूर्त ठरतो, साचा ओला आहे असं कारागीर सांगतात. दरबारात विचार होतो. शेवटी महाराज आज्ञा काढतात की वाळू सुकली आहे.

"महाराज हुकुम देते हैं कि रेत सूख गई," मी वाचलं.

"साहेब," लांजेवार हळूच म्हणाले, "तिथे हुकूम नाई, फर्मान लिहिलं आहे. हुकूम तोंडी असते. फर्मान कागदावर लिहावं लागते. कोनाले तरी ते लिहावंच लागते."

मी फर्मान असा शब्द घातला आणि पुढे वाचलं.

बाबूजींनी वही मिटली. आवाज चढवला नाही. "मैंने तुमको घर का आदमी समझा था," ते म्हणाले. मला वाटतं बिसाहूपेक्षा त्या वहीचं त्यांना जास्त लागलं.

नंतर सरकारी अधिकारी आले. लांजेवारांनी त्यांना सरळ सांगितलं, "काचेवर वाफ होती. साहेबांना आरसा दाखवला होता." अधिकाऱ्याने माझ्याकडे वळून विचारलं, "दिखाया था?"

मी म्हणालो, "याद नहीं."

लांजेवारांनी खिशाला हात लावला, आरसा चाचपल्यासारखा. 

त्यांची नोकरी गेली. कार्डावर त्यांचं नाव होतं, माझा जबाब होता, तेवढं पुरलं. वसाहतीतल्या दुसऱ्या कुठल्याच फाउंड्रीत त्यांना कोणी घेतलं नाही. निष्काळजी फोरमन एक वेळ चालला असता, पण हा मालकांवर लिहितो हे सगळीकडे पसरलं होतं. बिसाहूचा भाऊ चार माणसं घेऊन कोहक्याला गेला. दारात उभा राहून त्याने नको ते शब्द वापरले. "तोर मुँह ले निकलिस, तभे डालिन," असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, की तू सांगितलंस म्हणून ओतलं. माझी बायको योगायोगाने त्या दिवशी सुमनवहिनींना भेटायला गेली होती, तिने हे ऐकलं. लांजेवार उंबऱ्यात बसून होते. त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

"एका शब्दानंही कावून नसन बोलले ते?" बायकोने मला घरी येऊन विचारलं.

"चूक त्यांचीच होती म्हणून," मी म्हणालो. हेच ते माझ्या सोयीचं अर्धं.

पाटी दारावर लागली. सात वर्षं मी त्या दाराने आत-बाहेर केलं.

मध्ये बरीच वर्षं गेली. लांजेवार सेक्टर सहाच्या बाजारात लाकडी चौरंग आणि पोळपाट विकतात असं कोणी तरी म्हणालं. मी त्या बाजाराला जायचं सोडलं.

मग दोन वर्षांपूर्वी, नातीला शिकवणीहून आणायचं काम माझ्याकडे आलं. शिकवणी आमच्या नेहरू नगरातच, हायवेला लागून. तळमजल्यावर मुलांच्या गाड्यांचा स्टँड. पहिल्या दिवशी स्कूटर लावली तेव्हा पत्र्याचं टोकन देणारा हात मी ओळखला. कोपरापर्यंत बारीक डाग, उडालेल्या लोखंडाचे. ते खूप वाळले होते, कान तेवढे तसेच होते.

"या साहेब," ते म्हणाले. काल भेटल्यासारखे. "भिंतीले लावा. तिकडे सावली येते."

मी स्कूटर भिंतीला सरकवली. टोकन घेतलं आणि रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. त्या आठवड्यात मी चार शब्द ठरवले, घरच्या बोलीतले. मोठी माफी मागायला माझी जीभ वळली नसती, हे मला माहीत होतं. चार शब्द जमतील असं वाटलं. बाथरूममध्ये नळ सोडून ते म्हणून पाहिले.

पुढच्या खेपेला अर्धा तास आधीच गेलो. त्यांनी आपली प्लास्टिकची खुर्ची मला दिली आणि स्वतः उलट्या बादलीवर बसले. गाड्या एका रेषेत लावलेल्या होत्या, सगळ्यांची पुढची चाकं डावीकडे वळवलेली.

"सुमनवहिनी बऱ्या आहेत?"

"आहे. तिचे गुडघे गेले, जीभ शाबूत आहे."

मी हसलो. बऱ्याच वेळाने विचारलं, "कासवगड काय म्हणतो?"

ते समोरच्या गाड्यांकडे बघत होते. "चालू आहे जी. आता घरोघरी लाइट आहे. महाराजांचे नातू मोबाइलवर मुजरा घेते."

"आणि ती भट्टी?"

"थंड पडली आहे. चौकशी चालू आहे न."

"अजून?"

"सगळ्यांचे जबाब झाले. महाराजांचा झाला, पंडिताचा झाला. फर्मान लिहिनाऱ्या मुनशीचा तेवढा बाकी आहे." त्यांनी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. "तो येईन. भला मानूस होता. घाबरट होता, पन भला होता. तो आला की मंग बंद करू चौकशी. आमाले काही कोनाले फाशी नाई द्यायची."

त्यांनी मला दार पूर्ण उघडून दिलं होतं. मी खुर्चीत पुढे सरकलो. चार शब्द तोंडात आले होते, जिभेवर त्यांची चव लागत होती. लांजेवारांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं, तसंच, साच्यापाशी पाहिलं होतं तसं.

वर शिकवणी सुटली. जिन्यावरून मुलंमुली धडधडत उतरली, "अंकल मेरी गाडी, अंकल जल्दी," म्हणत त्यांच्याभोवती जमली. ते बादलीवरून उठले. मी गर्दी संपेपर्यंत थांबू शकलो असतो. नातीने हेल्मेट घातलं आणि मी स्कूटर बाहेर काढली.

फाटकापाशी त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, हात धरायला.

"टोकन, साहेब," ते म्हणाले.

मी टोकन त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि निघालो.

पुढच्या आठवड्यात पाऊस, मग नातीची परीक्षा, मग मला ताप. त्यानंतर गेलो तेव्हा खुर्चीत दुसरा माणूस होता. "वो बाबा? वो तो गुजर गए," म्हणाला, आणि मला टोकन दिलं. कोहक्याला मी अजून गेलेलो नाही. सुमनवहिनी काय म्हणतील याची भीती नाही. त्या चहा करतील, याची आहे.

बाबूजींनी वही परत दिली नव्हती, ती कुठे गेली ते मला माहीत नाही. म्हणून मुनशीचा जबाब इथे लिहितो. बिसाहूच्या माणसांनी वाचावा, वसाहतीत कोणी उरलं असेल त्याने वाचावा. साचा ओला होता. लांजेवारांनी सही केली नव्हती, तोंडीही काही कळवलं नव्हतं. काचेवरची वाफ मी माझ्या अंगठ्याने पुसली.

आणि ते चार शब्द, जे मी नळाच्या आवाजात पाठ केले होते, ते असे होते:

मले सगळं याद होतं.